पाणी ओतताच दुधाळ होणारे मद्य

बडीशेप चावताना जो गोडसर वास दरवळतो, तो मुख्यतः ॲनिथोल या रेणूचा असतो. बडीशेपेच्या कुळातले ॲनिस आणि तिच्याशी काहीही नाते नसलेले चक्रीफूल, या दोघांतही तोच असतो. ग्रीसचे ऊझो, तुर्कस्तानची राकी आणि फ्रान्सचे पास्तिस यांची चव याच रेणूमुळे येते.

ॲनिथोल अल्कोहोलमध्ये सहज विरघळते, पाण्यात मात्र जवळजवळ नाही. त्यामुळे बाटलीतले मद्य पारदर्शक दिसते. पण पेल्यात पाणी ओतले की अल्कोहोलचे प्रमाण घटते आणि ॲनिथोल साधारण एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराच्या असंख्य थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. दुधातल्या स्निग्ध कणांप्रमाणे हे थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून पेय पांढरे दिसते. विशेष म्हणजे ते घुसळावे लागत नाही, की त्यात साबणासारखा पदार्थ मिसळावा लागत नाही. तरीही ते थेंब बराच काळ एकत्र येत नाहीत. रसायनशास्त्रात याला ‘ऊझो परिणाम’ म्हणतात.

या मद्यांपैकी सर्वांत बदनाम झाले ते ॲबसिंथ. त्यात ॲनिसबरोबर वर्मवुड ही आपल्या दवण्याच्या जवळच्या नात्यातली कडू वनस्पती असते. 1805 मध्ये आंरी-लुई पेर्नो याने फ्रान्समधल्या पाँतार्लिये येथे त्याची भट्टी उभारली. पुढे फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यावर वाइन महागली आणि ॲबसिंथचा खप वाढला. वर्मवुडमधल्या थुजोन या रसायनामुळे माणसे वेडी होतात, असा समज पसरला आणि 1915 मध्ये फ्रान्सने त्यावर बंदी घातली. बंदीपूर्वीच्या 13 बाटल्यांच्या 2008 मधील पृथक्करणात मात्र लिटरमागे सरासरी सुमारे 25 मिलिग्रॅम थुजोन आढळले, म्हणजे भ्रम होण्याइतके नव्हेच. खरा दोष साठ-सत्तर टक्के अल्कोहोलचा होता, पण गुन्हेगार ठरली ती बिचारी वनस्पती.

वर्मवुड वगळून ॲनिस आणि ज्येष्ठमध यांवर भर देणारे पास्तिस पॉल रिकार याने 1932 मध्ये मार्सेय येथे बाजारात आणले. अमेरिकेत 1912 पासूनच ॲबसिंथवर बंदी होती. त्याची जागा घेण्यासाठी 1934 मध्ये न्यू ऑर्लिन्सला ‘अर्बसँ’ तयार झाले. ते तिथल्या साझरॅक या कॉकटेलमध्ये वापरले जाऊ लागले. साझरॅकमध्ये राय व्हिस्की, साखर आणि पेशो बिटर्स हा कडवट, सुगंधी अर्क असतो; ॲबसिंथ किंवा अर्बसँ मात्र पेल्याच्या आतून फिरवून ओतून टाकतात. काचेला चिकटून राहिलेले ॲनिथोल इतके थोडे असते की पेय दुधाळ होत नाही, पण पेला ओठांशी नेताच पहिला वास त्याचाच येतो.