शाळेत मासिक पाळीवर सत्र घ्यायचंय? परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडतो

28 मे जवळ आला की फोन सुरू होतात. 'मासिक पाळी स्वच्छता दिन आहे, आमच्या मंडळाला जिल्हा परिषदेच्या शाळेत कार्यक्रम करायचाय, परवानगी कशी काढायची?' अहो, 28 मेला शाळेत कोण असतं? मेच्या सुरुवातीला बंद झालेल्या शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहून उशिरा. दुसरी लाडकी तारीख 8 मार्च, तेव्हा दहावीची परीक्षा चालू असते. जुलै-ऑगस्ट धरा. शाळा उघडल्या उघडल्या अर्ज आवकला पडला पाहिजे.

मुदतीचा घोळही इथलाच. परवानगीच्या पत्रावर 'चालू शैक्षणिक वर्षाकरिता' असं लिहिलेलं असतं आणि लोक ते 'एक वर्ष' असं वाचतात. फेब्रुवारीत मिळालेलं पत्र घेऊन आमचा गट एकदा जुलैत शाळेत गेला. मुख्याध्यापिकाबाईंनी तारखेवर बोट ठेवलं आणि पत्र परत दिलं. बरोबरच होतं त्यांचं.

अर्ज नोंदणीकृत संस्थेने करायचा. नोंदणी नसलेलं महिला मंडळ, एकटे डॉक्टर, एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं यांनी संस्थेचं नाटक करू नये. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटावं आणि आशाताई किंवा नर्सबाईंसोबत जावं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून 10 ते 19 वयोगटासाठी चालू आहे, पाळीबद्दल सांगणं हे आशाताई-नर्सबाईंचं कामच आहे.

आता दार कुठलं? निम्मे अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊन मरतात. जिल्हा परिषद शाळेसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना. आठवी ते दहावीच्या खासगी अनुदानित शाळा असतील तर शिक्षणाधिकारी (माध्यमिक). मनपाच्या शाळेला मनपाचा शिक्षण विभाग. आश्रमशाळेत मात्र शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र कोणी विचारत नाही. ती आदिवासी विकास विभागाची असेल तर प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जायचं: मोखाड्याची शाळा असेल तर जव्हारला, अकोल्याची (नगरचं अकोले, विदर्भातलं नव्हे) असेल तर राजूरला. आणि विमुक्त-भटक्यांची आश्रमशाळा असेल तर हेही दार नाही, ती इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे येते. फाटकावरची पाटी नीट वाचा, तिथे सगळं लिहिलेलं असतं.

कागदांत नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, वक्त्यांची ओळखपत्रं ही सगळ्यांकडे असतात. नसतो तो परिशिष्ट-1 चा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, अद्ययावत उतारा. अर्जावर सही करणाऱ्या अध्यक्षबाई तीन वर्षांपूर्वी निवडून आलेल्या, आणि धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत अजून जुने अध्यक्ष. त्यातले एखादे तर हयातही नसतात. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपला चेंज रिपोर्ट, द्यायचा असतो. तो कोणी देत नाही, आणि दिला तरी मंजुरी कधी येईल ते विचारू नका. तोवरचा उपाय: बदल अर्जाची पोचपावती, कार्यकारिणीचा ठराव आणि नोंदीत अजून नाव असलेल्या एखाद्या विश्वस्ताची सही. यावर बऱ्याच ठिकाणी काम होतं, सगळीकडे नाही.

दुसरा अडणारा कागद म्हणजे पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला. 2024 च्या ऑगस्टमधल्या बदलापूर प्रकरणानंतर बाहेरच्या माणसाला वर्गात सोडताना शाळा दहादा विचार करतात, आणि तो करायलाच हवा. चिडू नका. शाळेत जाणाऱ्या प्रत्येकीचा दाखला आधीच काढून ठेवा.

तिसरा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. या समितीत निम्म्या बायका असाव्यात असा कायदा आहे. बैठकीला स्वतः जा आणि त्या आयांशी बोला. मुलींच्या आधी त्यांचेच प्रश्न निघतात.

एक चूक मी स्वतः केली आहे. अर्जाच्या विषयात 'किशोरवयीन मुलींना मार्गदर्शन करणेबाबत' असं गोलमोल लिहिलं. लिपिकांनी विचारलं, 'कसलं मार्गदर्शन?' मी आवाज खाली आणून सांगितलं, त्यांनी त्याहून खाली आणून 'बरं बरं' म्हटलं, आणि फाइल 'आरोग्य, इतर' मध्ये गेली ती गेलीच. विषयात 'मासिक पाळी' असंच लिहा. सोबत सत्राचा एक पानी आराखडा जोडा: पाळी का येते, कापड वापरत असाल तर ते धुऊन उन्हात कसं वाळवायचं, पॅड किती वेळाने बदलायचा, डॉक्टरांकडे कधी जायचं. आराखडा नसला की वरिष्ठ 'सादर करावा' असा शेरा मारतात आणि महिना जातो.

पॅड वाटायचे असतील तर त्याची परवानगी वेगळी मागा. कंपनीचं नाव छापलेली पाकिटं, बॅनर, सेल्फी यांवर अर्ज फेटाळला जातो, आणि मला तरी त्यात चूक वाटत नाही. एक पाकीट दिल्याने एकच पाळी निघते. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड 1 रुपयाला एक मिळतो. जवळचं केंद्र कुठे आहे हे मुलींना सांगा. आणि वाटण्याआधी शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहात झाकणाची बादली आहे का, ती कोण रिकामी करतं, हे बघून या. नाहीतर दुसऱ्या दिवशी तुंबलेल्या भांड्यामुळे ज्या मावशींना बोल लागतात, त्या तुम्हाला पुन्हा आत येऊ देणार नाहीत.

सत्रानंतर एखादी मुलगी मागे रेंगाळते आणि पाळीपेक्षा वेगळंच काही सांगते. ते अत्याचाराचं असेल तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुम्हालाही बंधनकारक आहे. 'संस्थेत चर्चा करू' असं म्हणून चालत नाही. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर (चाइल्डलाइन) जवळ ठेवा.

शेवटी अहवाल. मुलींची नावं नकोत, चेहरे दिसणारे फोटो नकोत. कुठल्या इयत्तेच्या किती मुली आणि त्यांनी काय विचारलं, एवढं पुरे. परवानगी दिलेल्या कार्यालयात तो द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या. पुढल्या जूनमध्ये अर्जाला सगळ्यात वर तोच कागद जोडायचा आहे.