खानदेशातील जिल्हे व स्थानिक स्वराज्य संस्था

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचा मिळून आजचा खानदेश होतो. तिन्ही जिल्हे नाशिक महसूल विभागात मोडतात. १९८१ मध्ये हा विभाग वेगळा होण्यापूर्वी ते मुंबई विभागात होते. जळगावात १५, धुळ्यात ४ आणि नंदुरबारात ६ असे एकूण २५ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार तिन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या सुमारे ७९ लाख भरते. त्यांतले ४२ लाखांहून अधिक लोक एकट्या जळगाव जिल्ह्यात राहतात. खानदेश हे नाव बोलण्यात रोज येते. लग्नपत्रिकेवर, हॉटेलच्या पाटीवर, वांग्याच्या भरतापुढे ते लागते. पण १९६० नंतर एकाही जिल्ह्याच्या नावात ते राहिलेले नाही. शंभर वर्षांत या मुलखाची वाटणी दोनदा झाली आणि दोन्ही वेळा प्रश्न एकच होता : माणसाच्या घरापासून कचेरी किती लांब?

जुना जिल्हा

फारुकी सुलतानांच्या खानदेशची पहिली राजधानी थाळनेर. ते आज शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव आहे. पुढची राजधानी बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात गेली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी खानदेश ताब्यात घेतला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे कारभार सोपवला आणि धुळे हे मुख्य ठाणे केले. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा नव्याने तयार झाला, तेव्हा मालेगाव, बागलाण आणि नांदगाव हे भाग खानदेशातून त्याला जोडले गेले. बागलाणात आजही अहिराणी ही खानदेशी बोली बोलतात, याचे कारण इथे सापडते. जिल्ह्याची हद्द बदलली, बोली जागच्या जागी राहिली.

एवढे तोडूनही जिल्हा सुमारे दहा हजार चौरस मैलांचा होता आणि त्यात १६ तालुके होते. त्या तालुक्यांची नावे वाचताना आजचा माणूस अडखळतो. जळगाव तालुक्याचे नाव तेव्हा नशिराबाद होते. जळगाव हे त्यातले एक गाव. शिंदखेड्याच्या जागी विरदेल, साक्रीच्या जागी पिंपळनेर, तर रावेर-यावलच्या बाजूला सावदा. तालुक्याचे ठाणे हलले की गावाचे दिवस बदलतात. बाजार, वकील, स्टँपविक्रेते, खानावळी असे सगळे कचेरीच्या मागे जातात.

१९०६ ची वाटणी

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. या वाटणीमागे कापूस आणि रेल्वे होती. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेला लोहमार्ग चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा भुसावळपर्यंत पोचला. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. नशिराबाद मागे पडले आणि गाडी थांबत होती ते जळगाव पुढे आले. धुळे मात्र मुख्य मार्गापासून बाजूला राहिले. चाळीसगाव-धुळे फाटा १९०० मध्ये झाला. सुरतेहून नंदुरबार, अमळनेरमार्गे येणारी तापी व्हॅली रेल्वेही त्याच वर्षी जळगावकडे आली. एवढ्या मोठ्या मुलखाचा कारभार धुळ्यातून हाकणे कठीण होतेच. पूर्वेकडे महसूल आणि वर्दळ वाढल्यावर दुसरे ठाणे कुठे करायचे, हा प्रश्नच उरला नाही.

पश्चिम खानदेशात धुळे-शिरपूरची सपाटी, साक्रीचा डोंगराळ पट्टा आणि सातपुड्याच्या आतला भाग असे तीन निराळे प्रदेश एकत्र आले. अक्कलकुवा-तळोद्याच्या डोंगरात काठी, सिंगपूर, नाला अशी मेवासी वतने होती. तिथल्या प्रमुखांचा कारभार बराचसा त्यांच्या पद्धतीने चाले. काठीची राजवाडी होळी ही त्या काळाची आजही दिसणारी खूण आहे.

महाराष्ट्र आणि गुजरात

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. पश्चिम खानदेशातली नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा भागातली दीडशेहून अधिक गावे गुजरातेत गेली. उच्छल आणि निझर तालुके त्यांतूनच उभे राहिले. त्याच वर्षी उरलेल्या पश्चिम खानदेशाला धुळे आणि पूर्व खानदेशाला जळगाव ही नावे मिळाली. मामाचे गाव एका राज्यात आणि काकाचे दुसऱ्यात अशी घरे या पट्ट्यात काही कमी नाहीत.

ही रेषा पाहायची असेल तर नवापूर रेल्वे स्थानकावर जावे. स्थानक दोन राज्यांत विभागलेले आहे. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरचे कार्यालय गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध रेघ ओढून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात असे लिहिले आहे. प्रवासी त्यावर बसून फोटो काढतात. गाडीची वाट पाहणारी आजी मात्र सावली असेल त्या राज्यात बसते.

जिल्हा परिषदा

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात त्रिस्तरीय पंचायत राज सुरू झाले. जुनी जिल्हा लोकल बोर्डे गेली. जळगाव आणि धुळे या दोन जिल्हा परिषदा त्याच वेळच्या. नंदुरबारची जिल्ह्याबरोबर आली. प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, ग्रामीण रस्ते, पाझर तलाव, पशुवैद्यकीय दवाखाने यांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे असते. जमीन, सातबारा आणि कायदा-सुव्यवस्था हे विषय कलेक्टर, प्रांत, तहसीलदार, मंडळ अधिकारी आणि तलाठी यांच्याकडे राहतात. गावात या दोन साखळ्या शेजारी शेजारी चालतात. नवख्या माणसाला कोणत्या कामासाठी तहसीलला जायचे आणि कशासाठी पंचायत समितीत, हे कळायला दोन-चार हेलपाटे पडतातच. २०२४ मध्ये तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’ आणि ग्रामसेवकाला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ अशी नवी नावे मिळाली. गावकरी अजून ‘तलाठीआप्पा’ असेच म्हणतात.

नंदुरबार जिल्हा

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या दहा तालुक्यांपैकी नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे सहा वेगळे होऊन नंदुरबार जिल्हा झाला. धुळे, साक्री, शिरपूर, शिंदखेडा हे चार तालुके धुळ्याकडे राहिले. खानदेशातल्या सगळ्या फेरबदलांत हा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याची गरज समजायला एकच प्रवास डोळ्यांसमोर आणावा. अक्राणी तालुक्याचे ठाणे धडगाव सातपुड्याच्या आत आहे. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा माणूस आधी पायी निघायचा, मग जीपने घाट उतरून शहादा किंवा तळोदा गाठायचा आणि तिथून एसटीने धुळे. कलेक्टर, जिल्हा परिषद, जिल्हा न्यायालय सगळे तिथे. साहेब दौऱ्यावर असले की रात्र धुळ्यात काढायची. एका सहीसाठी दोन-तीन दिवसांची मजुरी बुडत असे. ठाणे नंदुरबारला आल्याने हे अंतर बरेच कमी झाले.

२०११ मध्ये नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ होती आणि तिच्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. भिल्ल, पावरा, कोकणा, मावची या त्यांतल्या मोठ्या जमाती. साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे त्या वेळी राज्यात सर्वांत कमी. जिल्हा वेगळा झाला म्हणजे हे आकडे आपोआप सुधारतील असे कुणी धरू नये. पण धुळ्याच्या सरासरीत झाकलेली परिस्थिती त्यामुळे स्वतंत्र दिसू लागली, आणि अंदाजपत्रकात नंदुरबारसाठी वेगळा रकाना आला. माझ्या मते १९९८ च्या निर्णयाचे खरे मोल यात आहे.

याच अक्राणी-अक्कलकुव्यात सरदार सरोवराच्या पाण्याने ३३ गावे बाधित झाली. मणिबेली त्यांतले पहिले. विस्थापितांच्या वसाहती तळोदा-शहादा भागात उभ्या राहिल्या. नव्या जागी घर मिळाले तरी गावाला महसुली दर्जा आणि स्वतःची ग्रामपंचायत मिळेपर्यंत रेशनकार्डापासून शाळेपर्यंत प्रत्येक गोष्ट अडून बसे. जे लोक नर्मदाकाठीच राहिले, त्यांच्यासाठी जिल्ह्याला तरंगता दवाखाना चालवावा लागतो. तिथे रस्ता म्हणजे पाणीच.

अनुसूचित क्षेत्र आणि पेसा

नवापूर, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे पूर्ण तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली, म्हणजे आदिवासींसाठी जाहीर केलेल्या अनुसूचित क्षेत्रात येतात. नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर तसेच जळगाव जिल्ह्यातले चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावेही त्यात आहेत. तळोदा, नंदुरबार, धुळे आणि यावल येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये ही या भागातली तिसरी साखळी. अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २०१४ चे राज्याचे नियम यांमुळे इथली ग्रामसभा इतरत्र असते त्याहून बळकट झाली. सातपुड्यात गाव एका जागी वसलेले नसते. एका टेकडीवर चार घरे, ओढ्यापलीकडे सहा, असे पाडे पसरलेले असतात आणि एका ग्रामपंचायतीत असे अनेक पाडे येतात. नव्या नियमांनुसार पाड्यालाही स्वतःचे गाव म्हणून मान्यता आणि स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो, आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेने ठरवायचे असते. सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते.

जमातींची संख्या जास्त असल्याने आरक्षणाचा पेचही इथे उघड झाला. एकूण राखीव जागा ५० टक्क्यांच्या वर गेल्याने मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धुळे आणि नंदुरबारसह काही जिल्हा परिषदांतील इतर मागासवर्गाच्या जागांवरची निवड रद्द ठरवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे पोटनिवडणुका झाल्या. पुढे राज्यभर निवडणुका लांबल्या आणि २०२२ नंतर मुदत संपलेल्या अनेक संस्था काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. गटारीची तक्रार घेऊन ज्याच्या दारी जायचे तो नगरसेवकच उरला नाही, हे सामान्य माणसाचे मोठे नुकसान होते.

नगरपरिषदा आणि नगरपंचायती

शहरांचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने चालतो. एक लाखावरची ‘अ’, चाळीस हजारांवरची ‘ब’ आणि त्याखालची ‘क’ वर्ग नगरपरिषद. लोक सरसकट ‘पालिका’ म्हणतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर खेड्यातून शहराकडे सरकणाऱ्या गावांसाठी नगरपंचायत आली. शिंदखेडा, साक्री, बोदवड, मुक्ताईनगर, शेंदुर्णी या त्यांतल्या. मुक्ताईनगरचे जुने नाव एदलाबाद.

जळगाव जिल्ह्यात पालिका दाटीने आहेत. भुसावळ सर्वांत मोठी. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात तर रावेर, सावदा, फैजपूर, यावल अशा एकेका तासाच्या आत चार पालिका लागतात. अक्राणीत मात्र संपूर्ण तालुक्याला एकच नगरपंचायत, आणि तिचे नावच मोठे वाचनीय आहे : धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक. अशी जोडनावे खानदेशात आणखी आहेत. शिरपूर-वरवाडे, दोंडाईचा-वरवाडे. पालिकेच्या हद्दीत शेजारचे गाव आले तरी त्याचे नाव पुसले गेले नाही, पाटीवर जोडून लिहिले गेले. ही रीत मला फार योग्य वाटते. गावाने आपली शिवारे आणि गावठाण दिले, निदान नाव तरी त्याचे राहावे.

नशिराबादची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. एके काळी तालुक्याला नाव देणारे हे गाव नंतर कित्येक दशके ग्रामपंचायतच राहिले. अलीकडे ते नगरपरिषद झाले.

महानगरपालिका

२००१ च्या जनगणनेत जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांनी तीन लाखांचा टप्पा ओलांडला होता. २००३ मध्ये दोन्ही ठिकाणी महानगरपालिका झाल्या. नगराध्यक्षाच्या जागी महापौर आणि मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले. जळगावची सतरा मजली इमारत नगरपालिकेच्या काळातलीच. तिच्याबरोबर जुन्या कर्जाचा बोजाही महानगरपालिकेला वारशाने मिळाला आणि रस्त्यांच्या कामांवर त्याची सावली बरीच वर्षे राहिली. दर्जा वाढला की घरपट्टीची चर्चा वाढते. नळाला पाणी किती दिवसांनी येते हा प्रश्न मात्र दोन्ही शहरांत पालिकेच्या काळापासून तसाच पुढे आला.

नव्या मागण्या

बोदवड आणि धरणगाव हे जळगाव जिल्ह्यातले तुलनेने नवे तालुके; धरणगाव एरंडोलमधून निघाला. भुसावळ जिल्ह्याची मागणी बरीच जुनी आहे. रावेरच्या टोकाचा माणूस जळगावला जाताना भुसावळ ओलांडूनच जातो, हा तिच्यामागचा साधा युक्तिवाद. आज तिन्ही जिल्ह्यांना एकत्र बांधणारी मोठी सार्वजनिक संस्था म्हणजे १९९० मध्ये स्थापन झालेले जळगावचे विद्यापीठ. २०१८ पासून त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे.

धुळे जिल्ह्यात दोंडाईचा आणि पिंपळनेर इथे अपर तहसील कार्यालये झाली आहेत. दाखले आणि जमिनीच्या नोंदींसाठी पश्चिम पट्ट्यातल्या कोकणा, भिल्ल वस्त्यांना आता साक्रीपर्यंत जावे लागत नाही. ज्या पिंपळनेरचे नाव एकदा तालुक्यावरून उतरले, त्याच पिंपळनेरला पूर्ण तालुका करा, अशी तिथल्या लोकांची मागणी आहे.