डॉक्युमेंट.राइट: ब्राउझरमध्ये उत्तर दाखवण्याच्या पहिल्या पद्धतीची पार्श्वभूमी

अकरावी-बारावीच्या आयटीत जावास्क्रिप्टची पहिली बेरीज पानावर येते ती बहुतेक वेळा डॉक्युमेंट.राइट या मजकूर लिहिणाऱ्या आज्ञेनं. तीच मुलं घरी इंटरनेटवर शोधतात, तेव्हा त्यांना सांगितलं जातं, ‘हे वापरू नका.’ दोन्हींना कारण आहे, आणि ते १९९५ मध्ये सापडतं.

जावास्क्रिप्ट ही भाषा त्या वर्षी नेटस्केप नॅव्हिगेटर २ या ब्राउझरसाठी तयार झाली. तेव्हा पान फोनलाइनवरून हळूहळू उतरायचं आणि ब्राउझर येईल तसं वाचत जायचा. वाटेत स्क्रिप्ट, म्हणजे जावास्क्रिप्टचा तुकडा, लागली की आधी ती चालायची. तिनं राइट केलेला मजकूर मूळ फाइलमध्ये त्याच जागी असल्यासारखा पुढच्या वाचनात मिसळायचा. पानावर उमटलेला परिच्छेद नंतर बदलायची सोयच नव्हती. उत्तर दाखवायला उरायची ती अलर्टची खिडकी किंवा फॉर्ममधला रकाना.

खरा घोळ होतो तो वेळेचा. बेरजेचं फंक्शन बटणाला जोडून क्लिक करा: दोन्ही रकाने, बटण, शीर्षक सगळं गायब, आणि कोऱ्या पानावर नुसतं उत्तर, समजा १२. पान वाचून संपल्यावर राइट बोलावलं की ब्राउझर जुनं पान पुसून नवं उघडतो. मूल आपलं गणित तपासत बसतं. गणित बरोबरच असतं. आजचं एचटीएमएलचं प्रमाणकही ही पद्धत टाळा असं बजावतं. २०१६ मध्ये क्रोम ५५ नं टूजी जोडणीवर, राइटमधून घातलेल्या परक्या साइटच्या स्क्रिप्ट अडवायला सुरुवात केली, कारण त्यांच्यासाठी अख्खं पान ताटकळायचं. व्यावसायिक साइटसाठी ही मनाई रास्तच आहे. पण तिचा रोख जाहिरातींसारख्या बाहेरच्या स्क्रिप्टवर होता, शाळकरी बेरजेवर नव्हे. विद्यार्थ्यापर्यंत मनाई पोचली, वेळेची गोष्ट मात्र पोचली नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

घटकाच्या आतला मजकूर बदलणारं इनरएचटीएमएल १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ या ब्राउझरमधलं. तयार पानाचा हवा तो भाग त्यामुळे बदलता आला. कन्सोल या प्रोग्रामरच्या खिडकीत उत्तर छापणारं कन्सोल.लॉग रुळलं ते २००६ च्या फायरबग या फायरफॉक्सच्या जोडसाधनापासून. तरी इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये डेव्हलपर टूल्स (चुका शोधायची साधनं) बंद असली की कन्सोल अस्तित्वातच नसायचा, आणि विसरून राहिलेल्या कन्सोल.लॉगच्या एका ओळीपाशी स्क्रिप्ट थांबायची. आता एफ१२ दाबलं की उत्तर समोर.

पायथन शिकून आलेली मुलं मात्र कन्सोलमध्येही सवयीनं प्रिंट लिहून कंसात ‘नमस्कार’ घालतात. ब्राउझर त्या ‘नमस्कार’कडे बघतही नाही, थेट प्रिंटरची खिडकी उघडतो.