दिवा हाच हीटर: गांजाच्या खोलीतला उन्हाळा

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १ जुलै २०१५ पासून घरटी गांजाची चार झाडं लावायला कायद्याने परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी तिथल्या पॅसिफिक पॉवर या वीज कंपनीने सांगितलं की उन्हाळ्यात लाईट जाण्याच्या सात घटनांचा माग काढला तर तो गांजाच्या लागवडीपर्यंत पोचतो. म्हणजे वस्तीसाठी बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर अचानक एवढा लोड आला की तो टिकलाच नाही. झाडं ती किती आणि त्यांना एवढी वीज कशाला, असं कुणालाही वाटेल. पण यामागचं विज्ञान मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बंद खोलीत कुठलंही झाड वाढवायचं म्हटलं की हाच हिशोब समोर येतो.

(आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय गांजाचं झाड लावणं गुन्हा आहे, त्यामुळे इथे जे लिहितोय ते ओरेगन, कॅलिफोर्निया, कोलोरॅडो अशा कायदेशीर ठिकाणांबद्दल आहे हे आधीच सांगतो.)

आता मूळ मुद्दा. बंद खोलीत उन्हाऐवजी मोठे दिवे लावतात, आणि दिव्याला दिलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच पडते. थोडी वीज दिव्यातच गरमी होते आणि बाकीचा प्रकाश पानांवर, भिंतींवर, मातीवर पडून शोषला जातो आणि त्याचीही गरमीच होते. प्रकाशसंश्लेषणातून झाडात साठते ती ऊर्जा अगदी थोडी, काही टक्केच. म्हणून १००० वॅटचा दिवा लावला की खोलीत १००० वॅटचा हीटर लावला असंच धरून चालायचं. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे असे साडेतीन दिवे झाले की एक टन एसी फक्त दिव्यांची गरमी काढण्यातच संपला, बाहेरच्या उन्हाचा तर अजून हिशोबच धरलेला नाही.

इथे एक गैरसमज खूप पसरलाय की एलईडी थंड असतो. तसं नाहीये. ५०० वॅटचा एलईडी आणि ५०० वॅटचा सोडियमचा दिवा (तोच, पूर्वी रस्त्यावर असायचा तो पिवळा) खोलीत सारखीच गरमी टाकतात. फरक दोन ठिकाणी पडतो. एक म्हणजे तेवढ्याच विजेत झाडाच्या कामाचा प्रकाश किती मिळतो. हा प्रकाश मायक्रोमोलमधे मोजतात, म्हणजे सरळ प्रकाशकणांची मोजदाद. युटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या ब्रूस बगबी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१४ मधे मोजलं तेव्हा सगळ्यात चांगला सोडियम दिवा आणि सगळ्यात चांगला एलईडी दोघंही एका ज्यूलला (म्हणजे एक वॅट एक सेकंद चालला की लागते तेवढ्या विजेला) साधारण १.७ मायक्रोमोल देत होते, म्हणजे बरोबरीत. त्यानंतर एलईडी सुधारत गेले आणि आज २.७ किंवा त्याहून जास्त देणारे सहज मिळतात. हिशोब करून बघा: सोडियमचा १००० वॅटचा दिवा जेवढा प्रकाश देतो तेवढाच हा एलईडी साधारण ६३० वॅटमधे देतो, आणि उरलेले ३७० वॅट खोलीत आलेच नाहीत म्हणजे ते बाहेर काढायला एसीही नको. दुसरा फरक असा की सोडियमचा दिवा बरीचशी उष्णता इन्फ्रारेडच्या रूपात थेट पानावर फेकतो, एलईडी मात्र ती आपल्या पाठीवरच्या हीटसिंकमधून (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधून) हवेत सोडतो, म्हणून हवेचं तापमान सारखं असलं तरी एलईडीखालचं पान जरा गार राहतं. सोडियम काढून एलईडी लावला आणि खोली पूर्वीइतकीच गार ठेवली की झाडं सुस्तावतात त्याचं कारण हेच, खोली दोन-तीन डिग्री वाढवून ठेवायला लागते.

मग किती गरम चालतं? मिसिसिपी युनिव्हर्सिटीत सुमन चंद्रा आणि सहकाऱ्यांनी २००८ मधे एका मेक्सिकन जातीवर मोजमाप केलं, तिथे प्रकाशसंश्लेषण ३० डिग्रीला आणि १५०० मायक्रोमोलच्या (दर चौरस मीटरला, दर सेकंदाला) आसपास प्रकाशाला सगळ्यात जास्त आलं. म्हणजे हे झाड काही नाजूक नाहीये, ते उन्हातलंच आहे. पण ३० च्या पुढे गेलं की गणित उलटायला लागतं, प्रकाशकण येत राहतात पण पान ते वापरू शकत नाही आणि उलट नुकसान व्हायला लागतं, कडा वर वळतात, शेंड्याजवळची पानं पिवळी पडतात.

आणि नुसतं तापमान बघून भागत नाही, हवा किती तहानलेली आहे तेही बघावं लागतं. मे महिन्यात नागपूरला दोरीवरचे कपडे तासाभरात वाळतात आणि जुलैत मुंबईला दोन दिवस लागतात, पानाचंही तसंच. २५ डिग्रीला ६० टक्के आर्द्रता असेल तर हवेची ही पाणी ओढून घेण्याची ओढ साधारण १.३ किलोपास्कल (हे दाबाचं माप) असते. त्याच हवेत एक थेंबही वाफ न वाढवता तापमान फक्त ३५ केलं तर ती ३.७ वर जाते, जवळजवळ तिप्पट! मुळं तेवढं पाणी पुरवू शकत नाहीत, मग पान आपली छिद्रं मिटून घेतं, छिद्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि घामासारखं पाणी सोडून गार राहण्याचा मार्गही बंद, म्हणजे पान अजून तापतं. वरून दिवा चालूच असतो. उन्हाळ्यात झाडं अशी एका दिवसात बसतात.

आता सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग. झाडांनी सोडलेलं पाणी जातं कुठे? समजा ४८० वॅटचा एलईडी बारा तास चालला, म्हणजे ५.७६ युनिट वीज. त्याखालची झाडं दिवसाला ८ लिटर पाणी हवेत सोडतात असं धरा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे ८ लिटरला ५.४४ युनिट. दिव्याची जवळजवळ सगळी गरमी वाफेत लपून बसली! थर्मामीटरवर ती दिसत नाही, आर्द्रतेत दिसते. खोली बंद असेल तर ही वाफ काढायला डीह्युमिडिफायर लावतात, पण तो वाफेचं पाणी करताना लपलेली सगळी उष्णता परत खोलीत टाकतो आणि वर स्वतःच्या कॉम्प्रेसरची गरमी टाकतो ती वेगळी. त्यामुळे एसी घेताना ज्यांनी फक्त दिव्यांचा हिशोब केला आणि हा केला नाही, त्यांचा एसी उन्हाळ्यात कमी पडतो.

एक्झॉस्ट फॅन हा स्वस्त उपाय, पण त्याला एक मर्यादा आहे. फॅन खोलीला बाहेरच्या हवेपेक्षा गार कधीच करू शकत नाही. बाहेर २२ असेल तर उत्तम, बाहेर ४० असेल तर आत ४३. त्यात मोठे व्यावसायिक लोक उत्पादन वाढावं म्हणून खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वाया जाऊ नये म्हणून खोली बंद ठेवावी लागते, म्हणजे फॅनचा रस्ताच बंद.

मला स्वतःला सगळ्यात पटलेला उपाय फुकटातला आहे: झाडांचा दिवस रात्री करायचा. फुलोऱ्यात या झाडाला १२ तास प्रकाश आणि १२ तास सलग अंधार लागतो, पण ते १२ तास कुठले याच्याशी झाडाला घेणंदेणं नाही. दिवे संध्याकाळी आठला लावून सकाळी आठला बंद केले की बाहेरच्या थंड हवेचा फायदा मिळतो, आणि जिथे रात्रीची वीज स्वस्त तिथे बिलही कमी. एवढंच, की दिवे बंद झाल्यावर खोली पटकन गार झाली तर आर्द्रता उसळते. २८ डिग्रीला ६० टक्के असलेली हवा २० डिग्रीवर आली की ९७ टक्क्यांवर पोचते, आणि घट्ट फुलोऱ्यात करडी बुरशी धरायला एवढं पुरतं. भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) तर द्राक्षवाल्यांना सांगायलाच नको, ती इथेही येते. म्हणून अंधाराच्या पहिल्या तासांत हवा खेळती ठेवायची आणि ओल काढायची.

२८ जून २०२१ ला ओरेगनमधल्या पोर्टलंडमधे ४६.७ डिग्री तापमान गेलं, तेही अशा भागात जिथे कित्येक घरांत एसीच नाही. अशा दिवसांत काय करायचं? दिव्याचे तास बदलायचे नाहीत, दिवा मंद करायचा. याचं कारण शंभर वर्षांहून जुनं आहे. पॅरिसमधे जुलियन तुर्न्वा याने १९१२ च्या सुमारास भांग (म्हणजे गांजाचंच झाड) आणि हॉप्स (बिअरमधे वापरतात तो वेल) यांच्यावर प्रयोग करून दाखवलं की दिवस लहान झाला की फुलं लवकर येतात. पुढे पहिल्या महायुद्धात तो गेला, आणि १९२० मधे अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू-सोयाबीनवर हेच सविस्तर मांडलं. आपली शेवंतीसुद्धा अशीच, दिवस लहान झाला की फुलणारी. ही झाडं प्रकाश किती तीव्र आहे ते न बघता अंधार सलग किती तास राहिला ते मोजतात, म्हणून दिवा निम्मा केला तरी झाडाच्या लेखी तो दिवसच, खोलीत पडणारी गरमी मात्र निम्म्यावर येते. वाढ दोन-तीन दिवस कमी होईल, झाडं वाचतील. याउलट तास बदलले किंवा अंधारात मधेच लाईट लावला तर फुलोरा बिघडतो.

आणि एवढं सगळं करूनही खर्च प्रचंड आहे. ऊर्जा संशोधक इव्हान मिल्स यांनी २०१२ मधे अंदाज मांडला की घरातल्या-गोदामातल्या गांजाला अमेरिकेच्या एकूण विजेच्या साधारण १ टक्का वीज लागते. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०२१ च्या अभ्यासात एक किलो वाळलेल्या फुलोऱ्यामागे, जागेप्रमाणे, २२८३ ते ५१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन निघालं. मॅसॅच्युसेट्सने म्हणून मोठ्या उत्पादकांच्या दिव्यांवर चौरस फुटाला ३६ वॅटची मर्यादा घातली, आणि मला ती योग्यच वाटते. पण त्याहून चांगलं काम कॅलिफोर्नियात हम्बोल्टच्या डोंगरात चालतं, तिथले शेतकरी ऐन उन्हाळ्यात ग्रीनहाऊसवर रोज संध्याकाळी काळी ताडपत्री ओढतात आणि सकाळी काढतात, म्हणजे बारा तासांचा अंधार ताडपत्री देते आणि प्रकाश सूर्य देतो, भर दुपारी २००० मायक्रोमोल, बिल शून्य.