जुने मित्र हाकेच्या अंतरावर हवेत

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हे ठरवताना आपण पाणी, दवाखाना, लिफ्ट, मुलांचं घर हे सगळं बघतो. जुने मित्र कुठे राहतात, हे मात्र कोणी विचारत नाही. ते आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं, आणि ते केवळ आठवणींच्या उमाळ्यापोटी नाही.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ पासून लोकांच्या हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. तपासणीला येणाऱ्यांचा माग सुटू नये म्हणून त्यांच्या जवळच्या मित्राचं नावही लिहून घेत. जेम्स फाउलर आणि निकोलस ख्रिस्ताकिस यांनी १९८३ ते २००३ या काळातल्या नोंदी तपासून २००८ साली निष्कर्ष मांडले. सुमारे दीड किलोमीटरच्या आत राहणारा मित्र आनंदी झाला, तर आपण आनंदी असण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. लांबच्या मित्राच्या आनंदाचा तसा परिणाम दिसला नाही. या संख्याशास्त्रावर आक्षेप घेतले गेले आहेत. सारख्या स्वभावाची माणसंच मित्र होतात, हा त्यांतला मोठा मुद्दा. म्हणून २५ हा आकडा काळ्या दगडावरची रेघ मानू नये. पण मैत्रीत अंतराला महत्त्व असतं, हे याआधीही दिसलं होतं. लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थी कुटुंबांच्या वसाहतीत केलेला अभ्यास १९५० साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की मैत्री जुळते ती बहुतेक शेजारच्या दाराशी किंवा जिन्यात रोज दिसणाऱ्या माणसाशी.

जवळ राहण्याचा खरा फायदा न ठरवता होणाऱ्या भेटींत आहे. दळण घेऊन निघालेला मित्र खालूनच हाक मारतो, "चल रे, गिरणीपर्यंत येतोस का?" फोनवर तो महिनाभर "मस्त चाललंय" म्हणत असतो. जिना उतरताना कठडा घट्ट धरून तो एकेक पायरी उतरतो, हे मात्र फक्त सोबत चालणाऱ्यालाच दिसतं. मग डॉक्टरांकडे नेणाराही तोच असतो.

रॉबिन डनबार आणि सॅम रॉबर्ट्स यांनी शाळा सोडून विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींच्या मैत्रीवर दीड वर्ष नजर ठेवली. मुलींची मैत्री बोलत राहिल्याने टिकली. मुलांना बोलणं पुरलं नाही. एकत्र काहीतरी करावं लागलं. निवृत्त पुरुष व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर असूनही एकटे का पडतात, याचं उत्तर मला इथे दिसतं.

नवे मित्र जोडता येतातच, पण त्याला वेळ लागतो. नव्या शहरात आलेल्या लोकांचा अभ्यास करून जेफ्री हॉल यांनी अंदाज बांधला, की जिवलग मैत्रीला सुमारे २०० तासांचा सहवास लागतो. शाळूसोबत्याबरोबर ते तास केव्हाच घालवून झालेले असतात. डॅनियल लेविन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या ओळखीतही विश्वास बऱ्यापैकी शिल्लक असतो.

एकाच सोसायटीत फ्लॅट मिळायलाच हवेत असं नाही. चालत दहा मिनिटं आणि मधे हायवे नाही, एवढं पुरे. आधी वर्षभर भाड्याने राहून बघावं.

आणि हे मित्र कोणाचे? बहुतेक घरांत नवऱ्याचे मोजले जातात. बायकोच्या मैत्रिणी लग्न होऊन गाव सुटलं तेव्हाच पांगल्या. कोणी नाशिकला, कोणी बडोद्याला. घर शोधायला निघण्याआधी त्या आता कुठे आहेत, याची चौकशी दोघांनी मिळून करावी.