‘येणार की नाही?’ : दौऱ्यांवरच्या सट्ट्यामागचा इतिहास

शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक 4 आणि 5 मे 2023 रोजी बाणावलीत भरली. पाकिस्तानचे बिलावल भुट्टो झरदारी गोव्यात येणार की नाही, यावर त्याआधी बरेच दिवस तर्क चालले होते. 20 एप्रिलला इस्लामाबादने होकार जाहीर केला तेव्हा ते थांबले. पाकिस्तानचा परराष्ट्रमंत्री जवळपास 12 वर्षांनी भारतात पाऊल ठेवत होता. नेमक्या अशाच प्रश्नांवर आज परदेशातल्या ऑनलाइन बाजारांत उघडपणे पैसा लागतो: अमुक राष्ट्राध्यक्ष अमुक तारखेच्या आत अमुक देशात जातील का?

व्यवहार समजायला सोपा आहे. ‘हो’चा आणि ‘नाही’चा भाव शून्य ते एक डॉलर यांच्यामध्ये फिरतो. ‘हो’ 18 सेंटला मिळत असेल, तर दौऱ्याची शक्यता साधारण 18 टक्के आहे असं बाजार म्हणतो. दौरा झाला तर एक डॉलर हातात, नाही झाला तर 18 सेंट बुडाले.

ही हौस जुनी आहे. पुढचा पोप कोण, यावर रोममध्ये इतका पैसा लागत असे की 1591 मध्ये चौदाव्या ग्रेगरी पोपने असा सट्टा खेळणाऱ्याला धर्मबहिष्काराची शिक्षा ठरवली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर अध्यक्षीय निवडणुकीचे भाव निघत आणि वर्तमानपत्रं ते छापत. 1988 मध्ये आयोवा विद्यापीठाने अभ्यासासाठी छोटा निवडणूक बाजार सुरू केला. 2003 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने मध्यपूर्वेतल्या राजकीय उलथापालथींवर असाच बाजार काढायचं ठरवलं, पण सिनेटरांनी आवाज उठवताच तो गुंडाळला. आयर्लंडमधला इंट्रेड हा अशाच सट्ट्याचा ऑनलाइन बाजार 2013 मध्ये बंद झाला. 2020 मध्ये पॉलीमार्केट हा तसाच नवा ऑनलाइन बाजार आला, 2022 मध्ये अमेरिकी नियामकाने त्याला 14 लाख डॉलरचा दंड केला, आणि 2024 च्या अध्यक्षीय निवडणुकीत तो जगभर गाजला.

आपल्याकडची परंपरा याहून कमी रंगतदार नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पावसावर सट्टा चाले: ठरलेल्या वेळात पन्हळीतून पाणी वाहणार की नाही? पाऊस मोजायचं साधन म्हणजे जुगाराचं साधन नव्हे, असं न्यायालयात ठरल्यावर 1890 मध्ये कायदा बदलून हा खेळ बंदीखाली आणावा लागला. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईत पोचत आणि त्यांवर आकडा लागे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, मग मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. तोच मटका. गोव्यातही बाजाराच्या कोपऱ्यावर ओपन-क्लोजची चिठ्ठी फाडून देणारा माणूस कुणाला दाखवावा लागत नाही. मटका इथे बेकायदाच. पण 1976 च्या गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि 1996 मध्ये जहाजांवरच्या खेळांना वाट करून दिली गेली. मांडवी नदीतले जहाजांवरचे कॅसिनो त्याच वाटेने आले.

पावसावरच्या आणि दौऱ्यावरच्या सट्ट्यात माझ्या मते खरा फरक आहे तो असा. पाऊस पडणार की नाही हे कुणाच्याच हातात नव्हतं. दौऱ्याचं तसं नाही. तो ठरवणारा माणूस असतो, आणि त्याच्याभोवती आधी कळणारे शेकडो: परराष्ट्र खातं, वैमानिक, अंगरक्षक, हॉटेलचं आरक्षण बघणारे. ऑक्टोबर 2016 मध्ये पुतिन आणि शी चिनफिंग ब्रिक्स परिषदेला आले तेही गोव्यातच. मोठा पाहुणा यायचा असला की रस्त्याची डागडुजी करणाऱ्यालाही चाहूल लागते. पैसा लावणाऱ्या परक्या माणसाला मात्र बातमी सगळ्यांत शेवटी मिळते. जानेवारी 2026 मध्ये व्हेनेझुएलाचे निकोलस मादुरो अमेरिकेच्या हाती पडण्याच्या थोडंच आधी त्यावर पैसे लावलेल्या पॉलीमार्केटवरच्या एका नव्या खात्याला चार लाख डॉलरहून अधिक फायदा झाला. त्यामागे आतली माहिती होती का, हा प्रश्न तेव्हा जोरात विचारला गेला आणि तो रास्तच होता.

दुसरी अडचण निकालाची. दौरा म्हणजे काय? विमान देशाच्या आकाशातून गेलं तर? इंधन भरायला उतरलं तर? म्हणून अटींत बहुधा ‘प्रत्यक्ष पाऊल ठेवलं पाहिजे’ अशा अर्थाचं कलम असतं. तरी वाद टळत नाहीत. 2025 मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सूट घालणार का, यावर मोठा पैसा लागला होता. ते नाटोच्या परिषदेला काळा कोट घालून आले आणि तो सूट की नाही, यावर भांडण पेटलं. निकाल शेवटी एका आभासी चलनाच्या धारकांच्या मतदानाने ‘नाही’ असा लागला. त्यांच्यापैकी कुणाचे पैसे कुठल्या बाजूला अडकले होते, हे बाहेरच्याला कसं कळणार?

भारतात ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि हो-नाहीच्या प्रश्नांवर पैसे घेणाऱ्या देशी ॲपना ते खेळ बंद करावे लागले. मांडवीतली जहाजं या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. ती राज्याच्या परवान्यावर चालतात.