‘पैसे कुठे गुंतवू?’ या प्रश्नाच्या आधी

आमच्याकडे नव्याने येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: पैसे कुठे गुंतवू? प्रश्न रास्त आहे, पण त्याची पाळी बरीच नंतर येते. दरमहा नेमके किती बाजूला पडतात, डोक्यावर कोणतं कर्ज आहे आणि बाजूला टाकलेल्या पैशाला किती वर्षं हात लावावा लागणार नाही, हे आधी ठरलेलं असावं लागतं. ते ठरलं की ‘कुठे’ हा प्रश्न बराच सोपा होतो. ते न ठरवता केलेली उत्तम गुंतवणूकसुद्धा अर्ध्यावर मोडावी लागते. म्हणून हे पत्रक मुख्यतः त्या आधीच्या प्रश्नांविषयी आहे.

दर मोठा की रक्कम?

एक हिशेब पाहा. चलन कोणतंही धरा. दरमहा १०० बाजूला टाकले आणि त्यांवर वर्षाला ८ टक्के दराने, दरमहा चक्रवाढीने वाढ मिळाली, तर १० वर्षांनी सुमारे १८,३०० होतात. दर ८ऐवजी १२ टक्के मिळाला तर सुमारे २३,०००. आता दर ८ टक्केच ठेवा, पण रक्कम १००ऐवजी १५० करा. १० वर्षांनी सुमारे २७,४०० जमतात.

म्हणजे सुरुवातीच्या दहा वर्षांत चांगला दर शोधण्यासाठी घालवलेल्या रात्रींपेक्षा रक्कम वाढवण्याचा फायदा जास्त आहे. शिवाय दर आपल्या हातात नसतो, रक्कम बऱ्याच अंशी असते. दीर्घ मुदतीत मात्र चित्र पालटतं हेही सांगायला हवं. तीस वर्षांनी ८ टक्क्यांनी दरमहा १५० टाकणाऱ्याकडे सुमारे २,२३,५०० असतील, तर १२ टक्क्यांनी १०० टाकणाऱ्याकडे सुमारे ३,४९,५००. दराला महत्त्व आहेच, पण ते येतं वेळ मिळाल्यावर. आणि वेळ त्यालाच मिळतो ज्याने आधी बचत सुरू केलेली असते.

त्या वेळेची किंमतही आकड्यांत दिसते. ८ टक्क्यांनी दरमहा १०० तीस वर्षं टाकले तर सुमारे १,४९,००० होतात. तेच दहा वर्षं उशिरा सुरू केले, म्हणजे वीसच वर्षं टाकले, तर सुमारे ५८,९००. हप्ते एक तृतीयांशाने कमी झाले, पण हाती येणारी रक्कम साठ टक्क्यांनी घटली. चक्रवाढीची बहुतेक कमाई शेवटच्या वर्षांत होते. ‘पुढे पगार वाढला की बघू’ असं म्हणताना आपण नेमकी ती शेवटची वर्षं गमावत असतो.

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेला बेंजामिन फ्रँकलिन १७९० साली वारला, तेव्हा त्याने बॉस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांसाठी प्रत्येकी १,००० पौंड ठेवले होते. तरुण कारागिरांना ५ टक्के व्याजाने कर्ज द्यावं आणि हा निधी दोनशे वर्षं चालवावा अशी त्याची अट होती. मधल्या काळात सार्वजनिक कामांसाठी पैसे काढूनही १९९० साली बॉस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख डॉलर होते आणि फिलाडेल्फियाच्या निधीत सुमारे २० लाख. सुरुवातीची रक्कम आणि मुदत दोन्हीकडे तीच होती. पुढे पैसे कसे सांभाळले गेले, त्याने हा फरक पाडला.

उरेल ते वाचवू, असं म्हणू नका

महिनाअखेर काही उरत नाही. चांगली कमाई असलेल्यांकडेही उरत नाही, हे आम्ही रोज पाहतो. कारण खर्चाला वरची मर्यादा नसते. खात्यात जे दिसतं ते खर्चायचंच वाटतं. यावर निश्चयाचा उपाय फार दिवस टिकत नाही, व्यवस्थेचा टिकतो. ज्या दिवशी कमाई हातात येते त्याच दिवशी, किंवा दुसऱ्या दिवशी, ठरलेली रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. राहिलेल्यात महिना काढा. पहिले दोन महिने ओढाताण होते, मग घराला सवय लागते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे सगळ्यांना माहीत आहे. अडचण अशी की कमाई वाढली की अंथरूण वाढतं आणि पाय त्याहून थोडे जास्तच लांबतात. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी या अर्थतज्ज्ञांनी यावर एक साधी योजना सुचवली होती. आज बचत वाढवू नका, पण पुढच्या प्रत्येक पगारवाढीचा काही भाग थेट बचतीत जाईल असं आत्ताच लिहून द्या. त्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, एका कंपनीत ही योजना स्वीकारलेल्या कर्मचाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. घरात येणारी रक्कम कधीच घटली नाही, त्यामुळे कुणाला टोचलं नाही. आम्ही ग्राहकांना सांगतो की वाढीचा निम्मा भाग बचतीला द्या आणि उरलेला निम्मा मनमोकळेपणाने खर्च करा. सगळीच वाढ वाचवायला गेलात तर वर्षभरात कंटाळून सोडून द्याल.

जे खर्च ‘अचानक’ येतात

रोजचा पै-पैचा हिशेब आयुष्यभर लिहा, असा आमचा आग्रह नाही. तीन महिने मात्र जरूर लिहा. त्यातून एक गोष्ट हमखास समोर येते. महिन्याचं गणित बिघडवणारे बहुतेक खर्च अनपेक्षित नसतातच. विम्याचा वार्षिक हप्ता, शिक्षणाचं शुल्क, कर, वाहनाची आणि घराची दुरुस्ती, लग्नकार्यं, प्रवास हे सगळं येणार हे वर्षभर आधी माहीत असतं. फक्त ते दरमहा येत नाही म्हणून आपण ते धरत नाही. अशा खर्चांची यादी करा, वर्षाची बेरीज घ्या, बाराने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा वेगळी ठेवा. आमच्या अनुभवात, महिनाअखेरच्या उसनवारीतली बरीचशी या एका सवयीनेच थांबते.

खरोखर अनपेक्षित असतं ते आजारपण, नोकरी जाणं, धंद्यातली मंदी. त्यासाठी तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च सहज काढता येईल अशा ठिकाणी असावा. उत्पन्न अनियमित असेल, किंवा घरात एकच कमावतं माणूस असेल, तर वर्षभराचा. या पैशावर व्याज कमी मिळतं अशी तक्रार येते. मिळू द्या. अडचणीच्या दिवशी चांगली गुंतवणूक पडत्या भावात विकावी लागू नये, एवढंच त्याचं काम आहे.

कर्ज: इथे थोडं सावकाश वाचा

चक्रवाढ जशी बचतीसाठी काम करते, तशीच ती कर्जातही करते, आणि कर्जाचे दर सहसा बचतीपेक्षा चढे असतात. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला ३ टक्के व्याज असेल तर ऐकायला ते किरकोळ वाटतं. वर्षाचं चक्रवाढ व्याज ४२ टक्क्यांहून अधिक होतं, आणि न फेडलेली रक्कम दोन वर्षांत दुप्पट होते. विवरणात छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरल्याने विलंबशुल्क टळतं, कर्ज हटत नाही. कार्ड वापरायचं असेल तर दर महिन्याला पूर्ण बिल भरा. ते जमत नसेल तर कार्ड काही महिने कपाटात ठेवणंच बरं.

दुसरी गोष्ट ‘फ्लॅट’ दराची. समजा १ लाखाचं कर्ज तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दराने घेतलं. व्याज झालं ३०,०००, आणि ३६ समान हप्ते पडले सुमारे ३,६११चे. पण तुम्ही दरमहा मुद्दलही फेडत असता, त्यामुळे पूर्ण १ लाख फक्त पहिल्या महिन्यापुरते तुमच्याकडे असतात. व्याज मात्र तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर लावलेलं असतं. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच, हिशेब केला तर हा दर १० नव्हे, जवळपास १८ टक्के पडतो. म्हणून कर्ज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: घटत्या शिलकीवर वार्षिक दर किती, आणि त्यात प्रक्रिया शुल्क धरलं आहे का? उत्तर लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

अनेक कर्जं असतील तर सगळ्यांचे किमान हप्ते चालू ठेवून जादा पैसा सर्वांत चढ्या दराच्या कर्जावर टाका. हिशेबाने हाच मार्ग सगळ्यांत स्वस्त. तरीही चार-पाच छोट्या देण्यांच्या तगाद्याने एखादं घर थकून गेलं असेल, तर आम्ही आधी सर्वांत लहान देणं मिटवायला सांगतो. थोडं व्याज जास्त जातं, पण एक दार बंद झाल्याचा धीर पुढच्या फेडीला उपयोगी पडतो. एका बाजूला ३६ टक्क्यांचं कर्ज आणि दुसऱ्या बाजूला १२ टक्के मिळतील या आशेवरची गुंतवणूक, हे मात्र एकाच वेळी चालवू नका. ते कर्ज फेडणं हीच ३६ टक्क्यांची खात्रीची कमाई आहे.

आणि जामीन राहण्याबद्दल. ‘फक्त एक सही हवी आहे’ असं म्हणून आपलंच माणूस कागद पुढे करतं तेव्हा नाही म्हणणं जड जातं, हे आम्हाला कळतं. पण जामीनदाराची सही म्हणजे कर्जदाराने न फेडल्यास ते फेडण्याची आपली हमी. कर्ज वापरणार कुणी दुसरा, वसुली मात्र तुमच्याकडे येऊ शकते. सही करण्याआधी स्वतःला विचारा: ही रक्कम उद्या मलाच भरावी लागली तर झेपेल का? झेपत नसेल तर त्याऐवजी जमेल तेवढी रक्कम हातउसनी द्या, आणि ती परत आली नाही तरी नातं टिकेल एवढीच द्या.

विमा

तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून असेल तर मुदतीचा जीवन विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, आणि आरोग्य विमा घ्याच. विमा आणि बचत एकाच योजनेत बांधलेली असेल तर दोन्हींचा हिशेब वेगळा मांडून मागा. बहुतेक वेळा वेगवेगळं घेतलेलं स्वस्त आणि समजायला सोपं पडतं.

आता ‘कुठे’

दरवर्षी ६ टक्क्यांनी महागाई वाढली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. त्यामुळे सगळाच पैसा अगदी सुरक्षित ठिकाणी ठेवणं हेही एक नुकसानच, फक्त ते पासबुकात दिसत नाही. दुसऱ्या टोकाला शेअर बाजार. अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक, म्हणजे निवडक मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा मापक, सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता, जुलै १९३२ मध्ये ४१वर आला आणि जुनी पातळी ओलांडायला १९५४ साल उजाडलं. जपानच्या निक्केई निर्देशांकाला डिसेंबर १९८९चं शिखर पुन्हा गाठायला फेब्रुवारी २०२४ यावा लागला. या आकड्यांत लाभांश धरलेला नाही, तरी धडा घेण्याजोगा आहे. सगळा पैसा एका देशात, एका बाजारात, एका कंपनीत नको. पाच वर्षांच्या आत लागणारा पैसा तर शेअर बाजारात नकोच. ५० टक्के तोटा भरून काढायला १०० टक्के नफा लागतो, हे गणित कुणालाही चुकत नाही.

शुल्काकडे लक्ष द्या. एकरकमी पैसा ३० वर्षं १० टक्क्यांनी वाढला तर साडेसतरा पट होतो, ९ टक्क्यांनी वाढला तर सव्वातेरा पट. वर्षाला एक टक्का शुल्काने अखेरच्या रकमेचा जवळपास चौथा भाग जातो. आमचं शुल्कही यातच मोडतं, म्हणून ते विचारायला संकोच करू नका.

आणि खात्रीच्या मोठ्या परताव्याचं आमिष. १९२० साली बॉस्टनमध्ये चार्ल्स पाँझीने ४५ दिवसांत ५० टक्के देण्याचं वचन दिलं. नव्या लोकांचे पैसे जुन्यांना वाटले, काही महिने सगळं सुरळीत दिसलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते कोसळलं. असं आमिष ओळखता येतं. डिसेंबर २००८ मध्ये उघडकीला आलेला, बर्नार्ड मॅडॉफ या अमेरिकी गुंतवणूक व्यवस्थापकाचा घोटाळा ओळखणं जास्त अवघड होतं, कारण तो अवाच्या सवा परतावा दाखवत नव्हता. तो वर्षानुवर्षं बेताचा, पण जवळजवळ न चुकणारा नफा दाखवत होता. बाजार खालीवर होत असताना ज्या गुंतवणुकीचा आलेख सरळ रेषेत चढतो, तिथेही थांबून विचारा: पैसा प्रत्यक्षात कुठे आहे, तो कुणाच्या ताब्यात आहे आणि हिशेब कोण तपासतं?

पहिल्या भेटीला येताना

गेल्या तीन महिन्यांची खात्याची विवरणं, प्रत्येक कर्जाचं हप्ता-वेळापत्रक आणि विम्याची कागदपत्रं सोबत आणा. खाती, कर्जं, विमा आणि नामनिर्देशन यांची एक पानी यादी करून आणलीत तर फारच उत्तम. तिची एक प्रत घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे राहू द्या. पासवर्ड आणि पिन मात्र आम्हाला सांगू नका, आम्ही ते कधीच मागत नाही. शक्य असेल तर जोडीदाराला बरोबर घेऊन या, कारण खर्चाचे निर्णय घरात दोघांचे असतात. पहिल्या भेटीत आम्ही गुंतवणुकीचा कोणताही अर्ज पुढे करत नाही. त्या दिवशी फक्त जमा, खर्च आणि देणी यांचा तक्ता मांडतो, आणि तो तुम्ही घरी घेऊन जाता.